कोपरा की खांब

१ एप्रिल १९७४, सोमवार

गाठलंन् बॅरीनं! एका हंगामात एकेचाळीस ट्राय — एकेचाळीस वेळा चेंडू रेषेपार टेकवला. पंधरा वर्षं आमच्या रग्बी क्लबच्या बारमधल्या फलकावर माझं एकट्याचं नाव होतं. आता दोघांचं. आणि या कडेनं धावणाऱ्या विंगरला पळायला शिकवलं कुणी? मीच!

खाटीक मटण बांधता बांधता म्हणाला, "काय क्लिफ, रविवारी बॅरीला बाकावर बसवणार ना?" हसलो. मनात तेच चाललं होतं.

३ एप्रिल

सराव. ओरडून घसा बसला — रेषा ओलांडली की लगेच चेंडू टेकवू नका, गोलच्या खांबांकडे पळा! जिथे टेकवाल त्याच्याच समोरून पुढची किक मारायची असते, खांबांसमोर ती सोपी होते!

अर्नी, आमचा आडदांड फॉरवर्ड. रविवारी त्याचा शेवटचा सामना. म्हणतो कसा — "तू कधी पळालास रे खांबांकडे? रेषा दिसली की कोपऱ्यातच लोळण घ्यायचास." सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो, काय करणार.

५ एप्रिल

रविवारी जिंकलो तर वरच्या विभागात. आणि निवृत्त होणाऱ्याला शेवटची किक द्यायची आमची रीत! अर्नीनं खाणीत दगड सोडून कशाला लाथ मारलेली नाही. म्हटलं, यंदा राहू द्या. बॅरीच भडकला — "कोच, किक अर्नीचीच."

घरी बायको, डोरीन, म्हणाली, "आणि बॅरीचं काय?" घेतोय गं बाई त्याला संघात.

७ एप्रिल, रविवार

जिंकलो!!

शेवटचं मिनिट, चार गुणांनी मागे. ट्रायचे तीन, किकचे दोन — दोन्ही हवेत. बॅरी कोपऱ्यात रेषेपार. नुसता चेंडू टेकवला की विक्रम त्याचा! पण कोपऱ्यातून अर्नीची किक पोचते कसली? पोरगा पळाला खांबांकडे. धाडकन आडवा पाडला, चेंडू मागे निसटला — आणि धापा टाकत आलेला अर्नी त्यावर आख्खा पडला. ट्राय! अकरा वर्षांतला पहिला. मग किक, खांबांसमोरून. बूट गेला एकीकडे, चेंडू डुलत डुलत बरोब्बर मधून.

माझा विक्रम वाचला. माझ्या तोंडची बिअर मात्र कडू.

८ एप्रिल

बॅरी जेवायला आला होता. "कोच, माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"खांबांकडेच पळालो असतो."

डोरीन स्वयंपाकघरात खोकली.

"कोपऱ्यातच टेकवला असता," मी म्हटलं.

डोरीननं ॲपल पायचा मोठा तुकडा बॅरीला वाढला.