टेम्पलरांच्या चर्चचं छप्पर

५ ऑगस्ट
हो, खोटं लिहिलं! मग? कागद आहेस, कागदासारखा गप्प पड. गावाबाहेरच्या टेम्पलरांच्या, म्हणजे जुन्या धर्मयोद्ध्यांच्या, पडक्या चर्चपुढे माहितीची पाटी लावायची होती. गावात ‘लिहिणारा’ मी एकटा. लिहून टाकलं — सातशे वर्षांपूर्वी राजाने त्या योद्ध्यांना पकडलं, त्याच रात्री वीज पडली, छप्पर जळालं! सरपंच फेर्मीनकाका जाम खूश.

६ ऑगस्ट
एउलालियामावशी दारात. पंच्याऐंशी वर्षांची. चर्च तिच्या बापाने, ब्लासने जाळलं असं गाव म्हणतं. तिच्या घराचं नावच ‘आगलाव्याचं घर’. “माझ्या बापाने जाळलं नाही, एवढं लिही रे बाळा. मी जायच्या आत.”
“लिहितो की!” म्हणालो.
पाटी छापायला गेलीसुद्धा होती.

८ ऑगस्ट
चर्चमध्ये नीट बघितलं. भिंतींवर काजळीचा ठिपका नाही. तुळया बसवायची भोकं रिकामी, पण स्वच्छ. जळलंच नाहीये ते! लहानपणभर इथे फुटबॉल खेळलो — कधी दिसलं नाही.

९ ऑगस्ट
आई बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “यादवी युद्धातल्या थंडीत सगळ्यांनीच तुळया काढून नेल्या. नंतर पोलीस आले, छप्पर गेलं कुठे म्हणून नाव मागितलं. ‘जाळलं’ म्हणून गावाने एक दिलं. ब्लास तुरुंगातच वारला.”
“आणि आपण?”
“वर बघ की.”
स्टुलावर चढून तुळईचा चुना खरवडला. खाली लाल क्रूस — टेम्पलरांची खूण.
“घरोघरी आहे,” आई म्हणाली. “एउलालियाचं घर सोडून.”

१० ऑगस्ट
फेर्मीनकाकांना सांगितलं. “अरे, वीज म्हटलं की ब्लासही सुटला, आपणही सुटलो! विजेला नातेवाईक नसतात. उगाच कशाला म्हाताऱ्यांची हाडं उकरतोस?”
मी मान डोलावली. डोलावली!! वर त्यांच्या पैशाने व्हर्मूथ प्यालो.

१५ ऑगस्ट
जत्रा. पाटीवरचं कापड ओढलं, टाळ्या. माइक हातात आला आणि सगळं बोलून टाकलं — तुळया, पोलीस, ब्लास. “घरी जाऊन वर बघा!” कुणी तोंड उघडायच्या आत उतरलो, थेट सारागोसा शहराची बस.

बसमध्ये
वळणावर एउलालियामावशी. दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. तिला बोलवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.
तिने बसकडे बघून सवयीने हात हलवला. मी सीटखाली वाकलो.