कॉम्प्युटर माझा, पोलिसांनी नेला पोरगा

ओसाझेच्या आई,

आपल्या घराण्यात आजवर कुणी कुणाला फसवलेलं नाही. फसवलं ते माझ्या कॉम्प्युटरनं. 'अपडेट करा' म्हणून तो वर्षभर विनवत होता आणि डेटा संपेल म्हणून मी त्याला गप्प बसवत होतो. त्या फटीतून कुणी परका आत शिरला आणि लोकांना लुबाडायला बँकेचं खोटं पान आपल्याच घरातून चालवू लागला. हे मला आज कळलं.

त्या पानाचा माग काढत घरी आलेल्या पोलिसांनी ओसाझेला उचललं ते लांब केस बघून; असली पोरंच ऑनलाइन गंडवतात, असा त्यांचा समज. "पापा, मी नाही हो," म्हणाला. "तुझी लक्षणंच तसली," हे मी त्यांच्यादेखत बोललो.

ठाण्यावर खरं सांगायला जातोय. लाईट आली तरी कॉम्प्युटर लावू नकोस. पोरगा एकटाच परतला तर एगुसीचं कालवण गरम करून वाढ, काही विचारू नकोस.

ठाण्यात जबाबाचा कागद आपला आपण न्यायचा असतो, म्हणून तुझ्या शाळेच्या टाचणवहीतली चार पानं फाडलीत.