श्रेयससाठी माझा क्रॅश कोर्स

२ जून, सोमवार. सकाळी ७.१०
लग्नाला एकोणीस वर्षं झाली. माझी बायको शुभा आता श्रेयस आहे. हॉर्मोन्स जानेवारीपासून चालू. मी पूर्ण ओके. अख्ख्या नाहूरमध्ये माझ्याइतका मॉडर्न नवरा नसेल.
शरीराचं डॉक्टर बघतायत. पण पुरुषासारखं वागायचं कसं, हे कोण शिकवणार? मीच. सत्तेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.
काल त्याने विचारलं, नंदू, आपण यापुढे एकत्र राहायचं का? म्हटलं, बोलू. आधी कोर्स.

४ जून
व्याकरण. संकल्प : तो आला, तो गेला. चूक शून्य. नाश्त्यापर्यंत सहा वेळा 'अगं' झालं. दुपारपासून धोका नसलेली वाक्यंच वापरतोय. 'चहा?' 'डबा भरला?' 'पंखा बंद.' श्रेयस म्हणाला, घरात तार आल्यासारखं वाटतंय. प्रगती आहे.

७ जून, शनिवार
धडा पहिला : दाढी. आरशासमोर डेमो दिला. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. माझ्या. श्रेयसने तुरटी लावली. मग स्वतःची केली. एक ओरखडा नाही. महिनाभर करतोय म्हणे. माझं ब्लेड जुनं होतं.

१० जून
धडा दुसरा : दुरुस्ती. बेसिनचा नळ गळत होता. श्रेयसला नुसतं बघायला सांगितलं आणि पाना घेतला. पाणी खालच्या नेव्हिलच्या गॅलरीत. श्रेयसने मेन कॉक बंद केला, वायसर बदलला, खाली जाऊन सॉरीही म्हणून आला. या घरातले नळ इतकी वर्षं कोण दुरुस्त करत होतं, असा प्रश्न निघाला. मी चर्चेत भाग घेतला नाही.

१४ जून, शनिवार. संध्याकाळी ६
आज मुलुंडला, आईकडे. तिला मीच सांगणार होतो, हळूहळू, मुद्देसूद. सात मुद्दे काढले. तिची बीपीची गोळी खिशात. आईने दार उघडलं आणि म्हणाली, ये रे श्रेयस.
त्याने दिवाळीतच सांगितलं होतं. पंधरा दिवस रडली, मग सावरली. बाबांचे दोन शर्ट त्याच्या मापाचे करून ठेवले होते. मला का नाही सांगितलंत, विचारलं. आई म्हणाली, तुला झेपेल का, याचीच काळजी होती. मला! गोळी मीच घेणार होतो. आईने हिसकावून घेतली.

१९ जून
श्रेयसने परत विचारलं. म्हटलं, अरे, काही बदलायची गरजच काय? सगळं होतं तसंच. तो म्हणाला, 'होतं तसं नाहीये रे. तुला एका पुरुषाबरोबर संसार करायचाय का? हो किंवा नाही सांग. रागावणार नाही.'
म्हटलं, पुढचा धडा झाला की सांगतो. पुढचा धडा कुठला, ते ठरवायचंय.

२२ जून, रविवार. सकाळी ११.४०
श्रेयस गेला. मरोळला, ऑफिसजवळच्या खोलीत. सध्या सहा महिने. भांडण नाही. तू कधी सांगणार याची वाट बघून कंटाळलो, म्हणाला. बॅगा रिक्षात मी ठेवल्या. शुभेच्छांचं छोटं भाषण पाठ होतं. तोंडातून भलतंच आलं : मला शुभाची फार आठवण येते.
बोलून घाबरलो. पण हे सांगायला मला जगात एकच माणूस आहे, आणि तो रिक्षात बसला होता.
तो खाली उतरला. खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, 'महिन्याभरात पहिल्यांदा खरं बोललास. त्या कोर्सला मी तुझ्यासाठीच बसत होतो, वेड्या.' मी रडलो. रिक्षावाल्याने मीटरकडे बघितलं.
गेटवर नवा वॉचमन अंबादास म्हणाला, साहेब, ते कोण तुमचे? म्हटलं, आमच्या घरातले.
वर आलो. दार लॅचने बंद. किल्ली आत. दुसरी त्याच्याकडे. जिन्यात बसून मोबाइलवर लिहितोय.
फोन केला तेव्हा तो पवईपर्यंत पोचला होता. खूप हसला. म्हणाला, तिथेच बस, हलू नकोस, येतो.