टोमॅटोवरचा अंगठा

तीर्थरूप आत्यास, गुडघा परवानगी देईल तिथवर वाकून नमस्कार.

तुझी पाठ कशी आहे? इथे सगळं ठीक. (ठीक म्हणजे कितपत, ते खाली येईलच. आधी चहा घेऊन बस.)

तुझ्या शब्दाखातर तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीने, म्हणजे आमच्या मॅडमनी, मला प्रयोगशाळेत घेतलं त्याला तीन वर्षं झाली. माझं काम टोमॅटोंवर लक्ष ठेवणं. खोली उबदार, दिवे पिवळसर, पंखा झोपलेल्या माणसासारखा संथ घोरत असतो. तिथे उभं राहिलं की वेळ कुठे जातो कळत नाही. हिरवं फळ आधी फिकट होतं, मग एका बाजूने हळूच तांबूस. मॅडम सांगतात, फळातल्या पेशींच्या भिंती एकमेकींना धरून राहतात त्या पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थामुळे. (तुझा जॅम घट्ट होतो तो याच्याच जिवावर.) पिकायची वेळ आली की फळ स्वतःच हे पेक्टिन सैल करत जातं, नाहीतर जन्मभर दगडच राहायचं. पण भिंत सैल झाली की बुरशीचंही फावतं. आणि बुरशी भिंत कुरतडते तेव्हा पेक्टिनचे जे तुकडे पडतात, तेच बाकीच्या पेशींना सावध करतात. म्हणजे जे मोडलं तेच ओरडून सांगतं. हे ऐकल्यापासून मी बहुतेक वेळ तंद्रीतच असतो.

तर झालं असं, की वर्षभर आमच्या टोमॅटोंवर बुरशीचा पहिला डाग दाराकडच्या बाजूलाच पडत होता. मॅडमनी दाराला जाड पडदा लावला. फटीत ओली फडकी कोंबली. मग वारा नको म्हणून आम्ही सगळे अंग चोरून आडवे आत शिरायला लागलो. (मी आडवा-उभा सारखाच, त्यामुळे माझ्या बाबतीत फरक पडला नाही.) शेवटी ट्रे उलटे फिरवून नवी फळं मांडली, तरी डाग दाराकडेच! मॅडम हरखून गेल्या. फळाला दाराची चाहूल लागते आणि त्या बाजूचं पेक्टिन आधी सैल होतं, असा त्यांनी सिद्धांत मांडला. गुरुवारी तो ऐकायला बाहेरचे पाहुणे येणार आहेत.

काल त्यांनी डागांच्या साली सोलून मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दिल्या. पहिलीच साल ठेवली, तर डागाच्या मधोमध बारीक वळ्या आणि त्यांना छेदणारी तिरकी रेघ. आत्या, ती रेघ मी ओळखतो. तुझ्या डब्याच्या झाकणाने लहानपणी माझा अंगठा कापला होता आणि तू तासभर फुंकर घालत बसली होतीस, तीच ती.

दारावर मॅडमच्या अक्षरात पाटी आहे: फळांना हात लावू नये. (त्यांचं शाईचं पेन गळतं. पाटीवर, कागदांवर, त्यांच्या अंगठ्यावर कायम निळा डाग.) आणि मी रोज सकाळी त्याच पाटीखाली, म्हणजे दाराच्याच बाजूला उभा राहून, तू बाजारात शिकवलंस तसा, एकेक टोमॅटो हलकेच दाबून बघत होतो. माझं मलाच माहीत नव्हतं.

आता मला भीती वाटते. नोकरीची वाटतेच, पण त्याहून मॅडमच्या चेहऱ्याची. खूश असल्या की त्या ट्रे पुसताना गुणगुणतात. सांगितलं तर ते गुणगुणणं थांबेल आणि तुझा शब्द वाया जाईल. नाही सांगितलं तर पाहुण्यांसमोर त्यांचं हसं होईल, आणि ते मला सोसवणार नाही.

घरच्यांनी ज्याला मेणाचा, जरा ऊन लागलं की वितळणारा म्हणून सोडून दिलंय, तो तुझा भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की मॅडमना तूच फोन करून सांगशील का? तुझ्यावर त्या चिडत नाहीत.

आणखी ता. क. फोन करू नकोस! उरलेल्या साली आज बघितल्या. चाळीसपैकी तेवीस सालींवर माझी रेघ. बाकीच्या सतरांवर अंगठा लहान, रेघ नाही, आणि कडेला निळी शाई.

शेवटचा ता. क. दोन्ही ढीग मॅडमसमोर ठेवले. त्यांनी स्वतःचा अंगठा सालीशेजारी धरून बघितला. मग म्हणाल्या, "शाळेत असताना तुझ्या आत्यानेच शिकवलं होतं मला." गुरुवारी पाहुण्यांना आम्ही दोघं मिळून खरं काय ते सांगणार आहोत. मॅडम म्हणतात, तूही ये. फक्त आल्यावर कशालाही हात लावू नकोस.