शेवटची फोड

आईस, थोरलीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. छावणीत दोन वेळचं जेवण मिळतं, शिवणखोलीत कामही मिळालंय. खोकला जवळजवळ गेलाय; तपासणीच्या दिवशी तेवढा आला मेला.

आनंदाची बातमी म्हणजे धाकट्याला एका देशाने घेतलं. त्याला वेल्डिंग येतं ना! सगळ्या देशांनी आम्हा निर्वासितांना सारखं वाटून घ्यायचं ठरलंय म्हणे. पण जो येतो तो तरणीताठी, हातात कसब असलेली माणसं आधी उचलतो. आमच्या खोलीतल्या बारा खाटांपैकी दोनच भरलेल्या आहेत, माझी आणि डोळ्यांनी अधू असलेल्या एका मावशींची. मावशी म्हणतात, "वांगी चाचपावीत तसं चाचपतात गं!"

कलिंगड कापताना तुझा नियम असायचा, 'कापेल त्याने शेवटी उचलायचं.' म्हणून तर आमच्या फोडी सारख्या व्हायच्या. इथे कापणारेच आधी हात घालतात.

तुझे गुडघे कसे आहेत? शेजारच्या काकू येऊन बसतात ना?

माझी काळजी करू नकोस. आम्हा भावंडांचं उचलून झालं की उरलेली फोड कायम तू घ्यायचीस आणि म्हणायचीस, हीच सगळ्यात गोड असते.

खरंच असायची का गं, आई?

तुझीच,
थोरली