बैठकीतली पांढरी हंडी

अमरावती, ता. १२ डिसेंबर सन १८६४, सोमवार. संध्याकाळचे सहा वाजले असावेत.

पेटीतल्या पेंढ्यातून टांगायच्या दिव्यांच्या काचेच्या हंड्या काढत होतो. एकेक काढायची, फुंकर मारायची, उजेडाकडे धरून तडा पाहायचा, घोंगडीवर ठेवायची. हिरव्या दोन, लाल एक, निळी एक, पांढरी एक. शिवाय आरसा, तो अजून गोणपाटातच आहे. मुंबईहून आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने येऊन एकही फुटली नाही — आश्चर्य.

मागवल्या दादाने. कापसाच्या चढ्या भावातून हे घर नवं बांधलं, आणि पुढची बैठक सजवायची ही त्याची हौस. दिवाळीआधी अकोल्याहून गाड्या रिकाम्या करून परत आला, त्या रात्री पटकी लागली, दुपारपर्यंत गेला. त्याचा माल आता आला.

बाबा दारातून पाहत होते. म्हणाले, "रामानं मांगोल्या न? मंग टांग."

मी बरं म्हणालो. पेंढा गोळा करून गोठ्यात टाकला.

ता. १४ डिसेंबर, बुधवार

अब्दुल रहीम आला होता. हंड्या टांगणं, झुंबरं सांधणं हे त्याचं काम. साहेबांच्या बंगल्यावरही जातो, आणि ते दर दोन वाक्यांनी सांगतो.

हंडीत आतला पेला असतो. त्यात आधी पाणी अर्ध्यापर्यंत, त्यावर तेल दोन बोटं, वर पत्र्याची टिकली तरंगते, तिच्यात वात. मी विचारलं, पाणी कशाला?

"पाणी काचेले थंड ठेवते भाऊ. तेलाच्या लोभानं पाणी कमी केलं का काच तडकली समजा. आन् दुसरी गंमत — तेल सरलं का वात पाण्याले टेकते, चुर्र करते, आपोआप इझते. फुकायची तकलीफ नाही."

मी हे लिहून घेऊ लागलो. तो हसला. "लिव्हा, लिव्हा. एक दिवस माह्याच पोटावर पाय देसान."

माळवदाची माती वरून पडते. हंडीत पडली तर सगळं तेल गढूळ. आधी खाली कापडाचं छत ताणावं लागेल. पांढऱ्या मांजरपाटाचं घ्यावं की तांबड्या किनारीचं?

ता. १५ डिसेंबर

तांबडी किनार.

ता. २० डिसेंबर, मंगळवार

कोणती हंडी कुठे, हे ठरवायला आज पाचही पेटवून पाहिल्या. एकट्याने कळेना. हंडीकडे पाहून रंग कळत नाही, माणसावर पडल्यावर कळतो. वहिनी — दादाची कौशल्या — तेलाचं भांडं घेऊन उभी होती. तिला म्हणालो, जरा हिच्या खाली उभ्या राहा.

हिरवीखाली उभी राहिली. कपाळ मोकळं, हात मोकळे, त्यावर तो हिरवा उजेड.

"कशी दिसून राहिली? मेल्यावानी?"

मग लाल. मग निळी. शेवटी पांढरी. तिचा चेहरा होता तसा दिसला. नाकाच्या बाजूला लहानसा तीळ आहे, तो ती नांदायला आल्यापासून चार वर्षांत मी पाहिला नव्हता.

"हे बरी," ती म्हणाली. "हिच्यात मानूस मानसावानी दिसते."

माय आतून ओरडली — "कौशल्ये! तिथं काय तमाशा करून राहिली? कोन आलं-गेलं तर?" वहिनी भांडं ठेवून आत गेली.

पांढरी बैठकीच्या मध्यभागी. दोन हिरव्या ओसरीत. लाल जिन्याशी. निळी देवघराबाहेर. ठरलं.

माजघराचं काही ठरवता येत नाही. दादा जिथे गेला तिथे दहा दिवस पणती ठेवली होती, खाली पीठ पसरून, वर टोपली झाकून. काजळीचं काळं कडं जमिनीवर अजून आहे. सगळं घर सारवलं जातं, तेवढी जागा वहिनी सोडते. कोणी काही म्हणत नाही. मी तिथे उजेड लावलेला नाही.

ता. ३ जानेवारी १८६५

छत ताणून झालं. एका कोपऱ्यात झोळ आहे. मलाच दिसतो म्हणतात.

ता. ९ जानेवारी, सोमवार

जेवताना बाबांनी सांगितलं. अकोल्याचे भगवंतराव म्हणून आहेत, मोठे कापूसवाले. बायको वारली. वहिनीशी दुसरं लग्न करायला, पाट लावायला तयार आहेत. पातूरला वहिनीच्या वडिलांकडे निरोप गेला, त्यांचा होकार आला. माघात ते आपल्याकडे बसायला येतील.

"पोरसोर नाही, वय इसाचं. जन्मभर काहून बसवून ठेवू तिले? आपल्यात पाट होते. बामनाचं घर आहे का हे?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून — "बैठक तयार कर. लोक घर पाहून मानूस ठरवते."

माजघरात वहिनी दळत होती. जातं थांबलं. थोड्या वेळाने परत सुरू झालं.

मी भाकरी संपवली. बैठकीत जाऊन पांढऱ्या हंडीची साखळी मोजली. चार बोटं खाली हवी.

दादा असता तर मी त्याला काय म्हणालो असतो, हे योजून पाहिलं. काही सुचलं नाही. त्याचा आवाजही नीट आठवत नाही, फक्त खोकला आठवतो.

ता. १५ जानेवारी, रविवार

आरसा. दोन हात उंच, सोनेरी चौकट. रहीम म्हणाला पूर्वेच्या भिंतीवर लावा, हंडीचा उजेड दुप्पट होतो. खरं आहे. पण मी दक्षिणेच्या भिंतीवर लावून घेतला.

तिथे लावला की गादीवर बसलेल्या माणसाला आतलं दार दिसतं, आणि दारापलीकडे वहिनी जिथे डाळ निवडायला बसते तो उंबरठा. बसून पाहिलं. पूर्ण दिसते.

रहीमने विचारलं, "इथं काहून भाऊ? उजेड तं जाते ना वाया."

मी म्हणालो, चौकटीला ऊन लागू नये म्हणून. त्याने खिळा ठोकला. हे इथे लिहिलं आहे, दुसरीकडे कुठे बोललेलो नाही.

ता. २ फेब्रुवारी, गुरुवार

भगवंतराव येऊन गेले.

गादी, लोड, तक्क्यांना नवे अभ्रे. दिवसाउजेडीच हंडी लावली, बाबांची आज्ञा. भगवंतराव पन्नाशीचे, बोलके. छताकडे पाहिलं, हंडीकडे पाहिलं, "किती पडली?" विचारलं. मी सांगितलं. "फसोलं तुले," म्हणाले आणि हसले. बाबाही हसले.

मग ते बोलता बोलता थांबले. मी पाहिलं कुठे पाहतात ते. आरशात. उंबरठ्यावर वहिनी सूप घेऊन बसली होती. पदर नीट नव्हता, घरात कोण बघणार म्हणून. ते बराच वेळ पाहत होते. ती वर बघत नव्हती.

"पाहाची गरज नव्हती," भगवंतराव म्हणाले, "पन झालं ते बरं झालं. होळीनंतर उरकून टाकू."

पान दिलं. बाहेर बैल जुंपलेल्या दमणीपर्यंत पोचवलं. आत येऊन हंडी विझवली.

आरसा मी लावला.

ता. ४ फेब्रुवारी

वहिनी राखेने काचा घासत होती. मी पाणी ओतत होतो.

"भाऊजी, तो आरसा तिथंच काहून लावला तुमी?"

"उजेडासाठी."

"उजेड तं तिकडच्या भिंतीवर पडते."

मी पाणी ओतत राहिलो. तांब्या रिकामा झाला तरी तसाच धरला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "पाह्यलं त्यानं. झालं."

आज आरसा पूर्वेच्या भिंतीवर हलवला. जुन्या खिळ्याचं भोक चुन्याने बुजवलं.

अकोला, ता. १९ फेब्रुवारी, रविवार

बाबांबरोबर बोलणी पक्की करायला आलो. भगवंतरावांच्या बैठकीत सात हंड्या, दोन झुंबरं, भिंतीवर घड्याळ. मोजत बसलो, दुसरं काम नव्हतं.

पाणी प्यायला आत गेलो. आतल्या घरात खिडकी नाही. भरदुपारी चुलीपाशी बसलेली म्हातारी मला दिसली नाही, आवाज आल्यावर कळलं. कोनाड्यात एक पणती, तीही विझलेली. म्हणाली, "कोन हाय? दिवा पायजे का? आमाले सवय आहे."

परत येऊन बसलो. बाबा आणि भगवंतराव हसत होते. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, कोण जाणे. आतलं घर अंधारं आहे म्हणून कोणी सोयरीक मोडत नाही.

अमरावती, ता. २३ फेब्रुवारी

मायने पाटाची रीत सांगितली, मला तयारी करायची म्हणून. रात्री लागतो, काळोख्या पंधरवड्यात. दिवा नाही. पाट लागलेल्या बाईचं तोंड उजाडेपर्यंत सवाशिणीनं पाहायचं नाही, म्हणून सगळं अंधारात.

"तुह्या हंड्या इझवा लागतीन त्या राती," माय म्हणाली. "बाहेरच्यासुद्धा."

मी विचारलं, वहिनीला माहीत आहे?

"तिले काय माहीत कराचं? बाई आहे ते."

ता. १३ मार्च, सोमवार. धुळवड

रंग खेळलो नाही. सुतक नाही, पण कोणी बोलावलंही नाही. बाजारात कापसाला गिऱ्हाईक नाही म्हणतात. मुंबईहून रोज उतरता भाव येतो. बाबा दोनदा बाजारात जाऊन आले. दोन्ही वेळा जोडे दारातच टाकून दिले.

ता. १६ मार्च, गुरुवार

भगवंतरावांचा माणूस आला. त्यांचा माल मुंबईला पडून आहे, या साली काही जमत नाही, माफी असावी.

बाबा संध्याकाळी बैठकीत एकटे बसले होते. मी हंडी लावायला गेलो तर म्हणाले, "बस." बसलो.

"चंद्रभान, तूच घे तिले. धाकट्या दिराशी पाट होते. घरातलं मानूस घरात राहीन. पातूरवाल्याईले मी सांगतो."

"बरं," मी म्हणालो.

ही माझी जुनी खोड. हंडी टांग म्हटलं, बरं. पाट लाव म्हटलं, बरं. मला आनंद झाला की नाही ते पाहत बसलो. आणि सारखं एकच — तिला कोणी विचारलेलं नाही. अकोल्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही.

ता. १७ मार्च, शुक्रवार

विचारलं.

विहिरीपाशी गाठली. वाक्य मनात तयार करून गेलो होतो, तिथे मधलंच आठवलं. "तुमची इच्छा असेल तर. नसेल तर मी बाबांना नको म्हणून सांगीन."

तिने घागर खाली ठेवली. "सांगसान? तुमी? बाबाले?"

"सांगीन."

"तुमच्यानं होत नाही ते." पण हसली थोडी. मग म्हणाली, "मले पयल्यांदा कोनी इचारलं."

मी विहिरीचा दोर गुंडाळू लागलो.

"आरसा माह्यासाठी लावला होता न?"

"हो."

बराच वेळ घागरीच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मंग माही एक अट आहे. अंधारात नाही. पयल्या लग्नात मी अकराची, झोपेत होती, कोनासोबत चालली ते दिसलंच नाही. मले दिसलं पायजे. एक दिवा ठेवा, मी येतो. नाहीतर पातूरले पोचवून द्या."

घागर उचलून गेली.

ता. १८ मार्च

मायला विचारलं. माय म्हणाली, "येडा झाला का? सवाशिनी उठून जातीन." बाबांना विचारलं. त्यांनी पूर्ण ऐकलंच नाही. येत्या गुरुवारी रात्री, ठरलं.

बाबांना पुन्हा विचारायला ओसरीपर्यंत गेलो. दारातून परत आलो.

ता. २१ मार्च

रहीमला विचारलं, हंडी रात्रभर जळायला किती तेल? "अर्धं पाणी ठेवलं तं एवढं तेल पेल्यात मावतच नाही भाऊ. पाणी दोन बोटं ठेवून बाकी तेल भरलं तं पहाटपर्यंत जाईन. पन काच तडकली तं माह्यावर येऊ नका."

ता. २२ मार्च, बुधवार

आज वहिनीने माजघर सारवलं. पूर्ण. काजळीचं कडंही. हात फिरवताना थांबली, मग फिरवला. मी दारात होतो. मला खोकला आला, अगदी दादासारखा. तिने वर पाहिलं. मला अंगणात जावं लागलं.

दादा गेल्यापासून रडू आलं ते आज पहिल्यांदा. बराच वेळ गोठ्यात उभा होतो. बैल पाहत होता.

ता. २४ मार्च, शुक्रवार. सकाळ

काल रात्री सांगितल्याप्रमाणे हंड्या विझवल्या. हिरव्या दोन, लाल, निळी. पांढरी राहिली. बाबा म्हणाले, "ते इझव." मी म्हणालो, "तेल सरत आलंय बाबा, आपोआप विझेल."

पाणी दोन बोटं होतं. बाकी तेल, मी दुपारी भरलेलं.

सवाशिणी तोंड फिरवून बसल्या. माय पुटपुटत होती. हंडी विझेना. बाबांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुरोहिताला म्हणाले, "चालू दे." कौशल्याने डोळे मिटले नाहीत. माझ्याकडेच पाहत होती.

पहाटे चुर्र झालं. काच तडकली नाही.

खर्च — खोबरेल अर्धा शेर, चार आणे. देणे — अब्दुल रहीमचा दीड रुपया. बाकी देणे नाही.