मनातलं मोठ्याने

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तो कागदावरच घालतो. गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजी अजून चोरून गोड खातात का?

नोकरी अजून नाही. अठरा वर्षं ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळलं, तिने घरी पाठवल्याला तिसरा महिना लागला. तुझ्याकडे राहणाऱ्या बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आपलं ठरलेलं मी इमानाने पाळत होतो. (‘होतो’कडे नंतर येतो.)

मुलाखतींची तयारी माझी मेव्हणी करून घेते. तीही सॉफ्टवेअरवालीच, वयाने माझ्याहून बरीच लहान, पण दरारा हेडमास्तरांचा. मुलाखतीत विचारतात तसली कोडी ती मला फळ्यावर सोडवायला घालते. पहिलं कोडं मी फळ्यासमोर गुपचूप उभा राहून सोडवलं, उत्तरही बरोबर आलं, तरी तिने नापास केलं. म्हणाली, "भाऊजी, उत्तर चुकलं तरी चालेल, पण डोक्यात काय चाललंय ते समोरच्याला ऐकू आलं पाहिजे." आता हे बाबांच्या मुलाला कसं जमावं? आपल्या घरात बोलायचं खातं आईकडे आणि तुझ्याकडे होतं. बाबा आणि मी अख्खी संध्याकाळ एका खोलीत गप्प बसायचो आणि भरपूर गप्पा झाल्यासारखे जेवायला उठायचो.

पण गरज होती, म्हणून शिकलो. सकाळपासून मोठ्याने विचार करू लागलो. पंचाईत अशी की ही सवय फळ्यापुरती राहीना. बायकोने नवे पडदे कसे वाटतात विचारलं, तर मी सुरू झालो की आधी प्रश्न नीट समजून घेऊ, हे पडदे आणायच्या आधी विचारलंय की लावल्यानंतर, लावल्यानंतर असेल तर उत्तर एकच संभवतं. दोन दिवस अबोला होता. मग इमारतीच्या सभेत, सेक्रेटरींचं म्हणणं पहिल्या दोन वाक्यांतच संपलं, बाकीचं वगळता येईल का, असं मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतकं पुटपुटलो. (लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत.)

आणि मग बाबांचा रविवारचा फोन. दारात कोणी आलं म्हणून ते उठले, आणि मला वाटलं, पलीकडे कोणी नाही. मी आपला चालू झालो. समजा बाबांना सांगितलं, तर ते काळजी करतील. नाही सांगितलं, तर दर रविवारी नवं खोटं लागेल, आणि मला तर आता जुनीच आठवत नाहीत.

बाबा केव्हाच परत आले होते. म्हणाले, "मग यातला कुठला मार्ग बरा वाटतो?"

मी म्हटलं, "पहिला."

"मग सांग."

सगळं सांगितलं. मध्ये एकदा रडूही आलं, तेही मोठ्यानेच. ते रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. तेव्हापासून तू कामावर गेलीस की ते रोज मला फोन करतात, माझ्याकडून कागदावर उतरवून घेतलेल्या कोड्यांपैकी एखादं विचारतात आणि शेवटपर्यंत ऐकतात. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ताई, माझं इतकं कधी कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मुलाखतीची पहिली फेरी पार पडली. गुरुवारी दुसरी आहे.

ता. क. दुसरा, ज्यासाठी खरं तर हे पत्र तुझ्या ऑफिसात धाडलंय. बाबा आठवडाभर मला एकच कोडं विचारत होते. मला वाटलं, विसरतात. काल त्यांनाच विचारलं, तर ते चक्क मोठ्याने विचार करू लागले. समजा पोरीला सांगितलं की एका डोळ्याने दिसेनासं झालंय, कागदावरची कोडी वाचता येत नाहीत, तर ती रजा काढून दवाखान्यात धावेल. नाही सांगितलं, तर हिंडण्याफिरण्यापुरता दुसरा डोळा आहेच. कुठला मार्ग बरा वाटतो, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दुसरा." रीत अगदी बरोबर होती, पण उत्तर चुकलं. उद्याच डॉक्टरांकडे ने. आणि हे तुला मी सांगितलं, तेही त्यांच्यापासून लपवू नकोस.